सडा, तळे आणि रान

आपण खेड्यातली माणसे रोज चालतो. शेताला चालतो, बाजाराला चालतो, पाण्याला चालतो. आषाढात पंढरीची वाट चालतो. पण मुलूख पाहण्यासाठी चालावे, हे आपल्या मनात सहसा येत नाही. "चालून चालून पाय झिजले, आता आणखी कशाला चालायचं?" असे कोणी म्हणेल. त्याचे म्हणणे खोटे नाही. तरी एक गोष्ट सांगतो. गाडीतून मुलूख नुसता दिसतो. चालताना तो कळतो. माती कुठे बदलली, ओल कुठे लागली, वारा कुठे अडला, हे पायांना आधी कळते.

अशी एक वाट सातारा जिल्ह्यात आहे. आम्ही ती चाललो आहोत. आज तुम्हांला बरोबर घेऊन पुन्हा चालतो. ही वाट सातारा शहरापासून निघते. कासच्या उघड्या सड्यावरून जाते. तळ्यांच्या काठाने जाते. मग कोयनेच्या पाण्यापर्यंत उतरते, आणि पाण्यापलीकडे वासोट्याच्या रानात शिरते.

या वाटेवर खडक आहे, दलदल आहे, तळी आहेत आणि दाट रान आहे. दिसायला चारी गोष्टी निराळ्या. पण चारींचे एकमेकींशी नाते आहे. ते नाते पाण्याचे आहे. ते कसे, हे आपण वाटेवरच पाहू.

केव्हा निघावे?

ही वाट एका दमात चालू नये. सडा भाद्रपदात पाहावा. तेव्हा तो फुलांनी भरलेला असतो. वासोट्याचे रान मात्र पावसाळ्यात बंद असते. वाट निसरडी होते, ओढे भरतात, जळवा पायाला चिकटतात. म्हणून रान दिवाळीनंतर पाहावे. एक वाट, पण दोन हंगाम. शेतकऱ्याला हे समजावून सांगायला नको. खरीप आणि रब्बी एकाच वेळी कोण पाहील?

घाट चढून वर

साताऱ्याच्या पश्चिमेला यवतेश्वराचा घाट आहे. तो चढून गेले की डोंगराची लांबच लांब सोंड लागते. रस्ता या सोंडेच्या पाठीवरून जातो. मावळतीकडे तोंड करून चालू लागा. उजव्या हाताला खाली वेण्णा नदीचे खोरे दिसते. तिथे कण्हेर धरणाचे पाणी आहे. डाव्या हाताला उरमोडी नदीचे खोरे आहे. तिथे उरमोडी धरणाचे पाणी आहे. म्हणजे आपण दोन नद्यांच्या मधल्या आढ्यावरून चालत आहोत. घराच्या आढ्यावर पडलेला पाऊस दोन्ही पाख्यांवरून खाली जातो ना? तसेच इथे होते. उजवीकडचे पाणी वेण्णेला जाते, डावीकडचे उरमोडीला. पुढे दोन्ही नद्या कृष्णेला मिळतात.

साताऱ्यापासून कास सुमारे २५ किलोमीटर आहे. जसे पुढे जावे तशी हवा बदलते. सातारा शहरात वर्षाला ४० इंचांच्या आसपास पाऊस पडतो. कासला त्याच्या दुपटीहून जास्त पडतो. आणखी उत्तरेला, महाबळेश्वरला, तो २०० इंचांच्याही वर जातो.

इतका फरक का? कारण सोपे आहे. पावसाळी वारे समुद्रावरून येतात. त्यांच्यात वाफ भरलेली असते. वाटेत सह्याद्री आडवा येतो. वाऱ्याला वर चढावे लागते. वर थंडी असते. थंडीने वाफेचे पाणी होते. चुलीवरच्या भांड्याच्या झाकणाला आतून थेंब जमतात, तसेच हे आहे. सह्याद्रीच्या माथ्यावर वारा बरेचसे पाणी टाकून देतो. मग पूर्वेकडे जाताना त्याच्याजवळ थोडेच उरते. म्हणून माण, खटाव, फलटण हे तालुके कोरडे राहिले. जिल्हा एकच, पण एका टोकाला धो धो पाऊस, तर दुसऱ्या टोकाला टँकरची वाट.

सडा म्हणजे काय?

आता आपण कासच्या सड्यावर आलो. सकाळी अंगणात घालतात तो सडा हा नव्हे. साताऱ्याकडे, कोल्हापुराकडे आणि कोकणात डोंगरमाथ्यावरच्या सपाट, उघड्या खडकाला सडा म्हणतात. कासचा सडा समुद्रापासून सुमारे ४००० फूट उंच आहे.

खाली काळा पाषाण आहे. तो सहा कोटी वर्षांहून जुना. जमिनीच्या पोटातून तापलेला रस वर आला, थरावर थर पसरला आणि थंड होऊन दगड झाला. पुढे लाखो वर्षे वरच्या थरावर पाऊस पडला, ऊन पडले. दगडातले विरघळणारे ते वाहून गेले. लोखंडाचा अंश मागे राहिला. त्याचा तांबडा, भोकाभोकांचा दगड झाला. तोच आपला जांभा. या जांभ्यावर माती किती? कुठे चार बोटे, कुठे वीतभर, कुठे मुळीच नाही.

चैत्रात इथे आलात तर म्हणाल, "हा नुसता तापलेला खडक! ना झाड, ना सावली. इथे काय बघायचं?" अशा जागेला आपण पडीक म्हणतो, आणि पडीक म्हटले की तिची किंमत संपली, असे आपण धरून चालतो. पण जरा थांबा. पाऊस पडू द्या.

पाऊस पडला की

सडा सपाट असतो. त्यावर पडलेले पाणी चटकन वाहून जात नाही. खडकात लहानमोठे खळगे असतात. ते भरतात. एकेक खळगा म्हणजे एकेक इवलेसे तळे. मधल्या पातळ मातीत पाणी मुरते. मुरून मुरून ती तुडुंब होते. मग सगळीकडे दलदल होते. पाय ठेवला की पचपच वाजते. चार महिने हा सडा असा ओलाचिंब राहतो.

पाण्याचा काही भाग जांभ्याच्या भोकांतून आत उतरतो. खाली घट्ट थर लागला की ते पाणी आडवे सरकते आणि सड्याच्या कडेखाली झऱ्याच्या रूपाने बाहेर येते. पाऊस थांबला तरी हे झरे काही काळ वाहतात. डोंगराच्या कुशीतली वाडी त्या झऱ्यावर जगते. गुरे तिथेच पाणी पितात.

म्हणजे वरून ओसाड दिसणारा हा खडक पाण्याची परात आहे. भरतो, धरून ठेवतो आणि हळूहळू सोडतो. वरच्या खडकाची आणि खालच्या हंड्याची गाठ अशी पडलेली आहे.

फुलांची घाई

श्रावण संपत आला की सडा फुलू लागतो. कासला फुलझाडांच्या सुमारे ८५० जातींची नोंद झाली आहे. गेंदाची पांढरी बोंडे वाऱ्यावर डुलतात. तेरडा गुलाबी होतो. सोनकी पिवळी होते. कवल्याची पिवळी फुले उंदराच्या तोंडासारखी दिसतात. शहरातली पोरे त्यांना मिकी माउस म्हणतात. कड्याकपारीला कंदीलपुष्प लटकलेले सापडते. त्याचा आकार खरोखरच कंदिलासारखा असतो. दर आठ-पंधरा दिवसांनी सड्याचा रंग पालटतो.

खळग्यांच्या पाण्यात वायतुरा नावाची वनस्पती येते. तिच्या तुऱ्याला दोन फाटे असतात. इंग्रजी वाय अक्षरासारखा तो दिसतो, म्हणून हे नाव. हिचा कंद उन्हाळाभर मातीत निजून असतो. पाऊस आला की जागा होतो. शास्त्रज्ञांनी १९८२ साली तिची नवी जात म्हणून नोंद केली आणि तिच्या शास्त्रीय नावात साताऱ्याचे नाव गुंफले. सह्याद्रीतले मोजके सडे सोडले तर ती जगात कुठेही आढळत नाही.

आता एक प्रश्न. सगळी झाडे एकदम का फुलतात? कारण त्यांना घाई आहे. माती चार बोटे. पाऊस गेला की ती वाळणार. तेवढ्या दिवसांत रुजायचे, वाढायचे, फुलायचे आणि बी टाकून मोकळे व्हायचे. ज्याला उशीर झाला, त्याचा वंश बुडाला. हंगाम साधणे काय असते, हे आपल्याला ठाऊकच आहे. सड्यावरच्या रोपालाही ते साधावे लागते.

किडे खाणारी रोपे

सड्यावर एक नवल आहे. खाली बसून, वाकून पाहिले तरच ते दिसते.

इतका पाऊस पडतो की मातीतला कस धुऊन जातो. खताविना शेत तशी ही माती. मग रोपांनी पोट कसे भरावे? काही रोपांनी वेगळीच युक्ती काढली. ती किडे धरून खातात. दवबिंदू नावाचे एक लहान रोप आहे. त्याच्या पानांवर केस असतात आणि केसांच्या टोकांना चिकट थेंब असतात. उन्हात ते दवासारखे चमकतात. किडा भुलून येतो आणि चिकटून बसतो. मग रोप त्याचा रस शोषून घेते.

दुसरे रोप म्हणजे सीतेची आसवे. निळ्या-जांभळ्या, नाजूक फुलांचा हा गालिचाच असतो. वनवासात सीतामाई रडली, तिच्या आसवांची ही फुले झाली, असे लोक सांगतात. फूल दिसते मोठे गरीब. पण चिखलाखाली त्याला टाचणीच्या टोकाएवढ्या थैल्या असतात. थैलीला झाकण असते. पाण्यातला बारीक जीव जवळ आला की झाकण आत उघडते, पाण्याबरोबर तो जीव आत ओढला जातो आणि झाकण बंद होते. वर आसवे, खाली सापळा!

ही रोपे सुपीक शेतात टिकणार नाहीत. तिथे गवत त्यांना दाबून टाकील. त्यांना असाच भुकेला, ओला खडक लागतो. म्हणून सडा सुधारायचा म्हणून त्यावर माती किंवा खत टाकले, तर सडा सुधारत नाही, मरतो.

सात वर्षांची वाट

सड्यावर आणि उतारावर कारवी आहे. कारवीच्या काठ्या आपल्या ओळखीच्या. त्यांचा कूड करून, शेणमातीने लिंपून किती घरे उभी राहिली! ही कारवी दरसाल फुलत नाही. सात-आठ वर्षे नुसती वाढते. मग एका वर्षी डोंगरच्या डोंगर एकदम निळाजांभळा होतो. कासच्या सड्यावर तिची टोपलीसारखी गोल, ठेंगणी बहीण आहे, टोपली कारवी. तिचीही रीत तशीच. कारवी फुलली की मधमाश्यांना सुगी येते. याच डोंगररांगेत महाबळेश्वरजवळ मांघर नावाचे गाव आहे. ते २०२२ साली मधाचे गाव म्हणून जाहीर झाले. रानातले फूल टिकले तर गावाच्या हाताला काम मिळते, याचे हे उदाहरण आहे.

गर्दी, कुंपण आणि गुरे

२०१२ साली युनेस्को या जागतिक संस्थेने पश्चिम घाटातल्या ३९ जागा जागतिक वारसा म्हणून जाहीर केल्या. त्यांतल्या चार महाराष्ट्रात आहेत. कासचे पठार, कोयना, चांदोली आणि राधानगरी. आपल्या या एका वाटेवर त्यांतल्या दोन येतात.

नाव झाले आणि गर्दी लोटली. गाड्याच गाड्या. लोक फुलांत बसू लागले, लोळू लागले, फोटो काढू लागले. चार बोटे मातीवर हजारो पाय पडले तर काय होणार? माती दबली, रोपे चिरडली, पुढच्या सालचे बी गेले. मग बंदोबस्त झाला. दिवसाला किती माणसे सोडायची ते ठरले. आधी नाव नोंदवावे लागते. प्रवेशाचे पैसे भरावे लागतात. कास, एकीव, आटाळी, कासाणी अशा आसपासच्या गावांच्या समित्या वनखात्याबरोबर हे काम पाहतात. त्यातून गावच्या तरुणांना हंगामात रोजगार मिळतो.

सड्याला तारेचे कुंपणही घातले गेले. माणसे आवरली, पण गुरेही बाहेर राहिली. त्यावरून मोठा वाद झाला. जाणकार म्हणाले, गुरे इथे पिढ्यान्‌पिढ्या चरत आली. ती गवत कमी ठेवतात, म्हणून लहान फुलांना ऊन मिळते. शेणाने थोडे खत मिळते. गुरे बंद केली तर गवत माजेल आणि फुले दबतील. कुंपण काढावे, अशी मागणी झाली.

या वादात शिकण्यासारखे आहे. खतांनी भरलेला सडा मरतो, तसाच गुरांनी तुडवलेलाही मरतो. पण बेताने चरणारी गुरे त्या सड्याच्या संसारातलीच असतात. किती जनावरे, कोणत्या महिन्यात, किती दिवस, हा खरा प्रश्न आहे. गुराख्याचे अनुभवाचे बोल आणि शास्त्रज्ञाची मोजणी, दोन्ही एकत्र बसली तरच त्याचे उत्तर मिळेल.

दोन तळी

सड्याच्या जवळच कास तलाव आहे. तिन्ही बाजूंनी झाडी आणि एका बाजूला बांध. मूळ बांध इंग्रजी अमदानीतला. सड्यावरून आणि रानातून पाझरलेले पाणी इथे गोळा होते. तळे उंचावर, सातारा खाली. म्हणून पाणी उताराने शहराकडे जाते. साताऱ्यातली बाई नळाखाली हंडा लावते, तेव्हा हंड्यात पडते ते कासचे पाणी. सड्यावर प्लास्टिक पडले, काठावर घाण झाली, तर ती जायची कुठे? त्याच हंड्यात.

दुसरे तळे लहान आहे. त्याचे नाव कुमुदिनी तळे. तिथे जायला गाडी नको. राजमार्ग नावाची जुनी पायवाट आहे, तिने चालत जावे. तळ्यात पाणकमळासारखी पांढरी, लहान फुले येतात. पाकळ्यांना बारीक लव असते. पाने पाण्यावर तरंगतात, मुळे खाली चिखलात. सकाळी लवकर गेलात तर फुले टवटवीत दिसतात. काठावर बेडूक, पाण्यावर चतुर. दोघांचेही पोट किड्यांवर. चतुराची पिल्ले पाण्यात डासांच्या अळ्या खातात. तळे नासले की चतुर जातात आणि डास राहतात.

पाण्याखालची गावे

कासहून पश्चिमेला वाट उतरू लागते. उतरता उतरता समोर निळे पाणी दिसते. हा शिवसागर जलाशय. कोयना नदीवर धरण बांधले, ते १९६० नंतरच्या दशकात पुरे झाले. त्याचे पाणी सुमारे ५० किलोमीटर मागे पसरले. काठावर बामणोली गाव आहे. जवळच कोयना, सोळशी आणि कांदाटी या तीन नद्यांचा मेळ आहे.

हे पाणी डोंगराच्या पोटातल्या बोगद्यांतून पश्चिमेला नेतात. कोकणच्या बाजूला पोफळी येथे ते खाली सोडतात. त्या जोरावर वीज होते. महाराष्ट्रातले कारखाने चालले, गावोगाव दिवे लागले, त्यात कोयनेचा वाटा मोठा आहे.

पण इथे उभे राहिले की मन भरून येते. या पाण्याखाली कित्येक गावांची शेते आहेत, घरे आहेत, देवळे आहेत. काही लोक वरच्या डोंगरउतारावर सरकले. काहींना ठाणे, रायगड, सांगली, सोलापूर अशा जिल्ह्यांत जावे लागले. कितीतरी कुटुंबांना जमिनीसाठी आणि सोयींसाठी वर्षानुवर्षे झगडावे लागले. उन्हाळ्यात पाणी उतरले की जुन्या वस्तीच्या खुणा उघड्या पडतात. आपण बटण दाबतो आणि दिवा लागतो. त्या उजेडामागे कोणाचे तरी घर बुडाले आहे, हे विसरू नये.

रानात

बामणोलीला वनखात्याचा परवाना घ्यावा. मग गावच्या लोकांच्या होडीतून तास-दीड तास पाण्यावरून जावे. पलीकडच्या काठाला मेट इंदवली. पूर्वी इथे वस्ती होती. आता नाही. इथून कोयना अभयारण्य लागते. हे १९८५ साली जाहीर झाले. २०१० साली कोयना आणि चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्रप्रकल्प झाला.

काठावर ऊन असते. दहा पावले आत गेले की सावली आणि गारवा. जांभूळ, अंजनी, पिसा, आंबा, हिरडा यांची गर्दी. वेली झाडांना गुंडाळलेल्या. फांदीवर तपकिरी, झुबकेदार शेपटीचा शेकरू दिसला तर पाहून घ्या. तो आपल्या राज्याचा प्राणी आहे. गवा, सांबर, अस्वल, बिबट्या इथे राहतात. ते सहसा दिसत नाहीत. त्यांचे ठसे दिसतात.

आता खाली वाका आणि पाचोळा बाजूला करा. वर सुकी पाने. त्याखाली कुजलेली. त्याखाली काळी, भुसभुशीत माती. मुठीत धरली तर ओली लागते. पाऊस पडतो तेव्हा थेंब आधी पानांवर आपटतो. त्याचा जोर मोडतो. मग तो पाचोळ्यावर पडतो. पाचोळा त्याला गोणपाटासारखा पितो. मुळांच्या वाटेने तो आत उतरतो. ओढ्याला येईपर्यंत त्याला किती तरी दिवस लागतात.

हेच रान तोडले तर? थेंब उघड्या मातीवर आदळेल. माती घेऊन खाली पळेल. ती माती धरणात साचेल. पावसाळ्यात ओढ्याला पूर आणि माघात तोच ओढा कोरडा! सडा पाणी धरतो तो खडकाच्या खळग्यांत. रान धरते ते पाचोळ्यात आणि मुळांत. रीत वेगळी, पण काम एकच.

माथ्यावर

दोन-अडीच तास चढले की वासोटा किल्ला येतो. याला व्याघ्रगडही म्हणतात. शिवाजी महाराजांच्या काळी तो स्वराज्यात होता. १८१८ साली तो इंग्रजांनी घेतला. पडक्या वास्तू आहेत, पाण्याची टाकी आहेत. एका बाजूला बाबू कडा आहे. तिथे पाहिले की डोळे फिरतात. कड्याच्या अगदी कडेला जाऊ नका.

इथे उभे राहून एक विचार करा. या माथ्यावर पावसाचे दोन थेंब शेजारी शेजारी पडले. एक पश्चिमेला घसरला. तो कोकणात उतरला आणि लवकरच अरबी समुद्राला मिळाला. दुसरा पूर्वेला घसरला. तो रानात मुरला, कोयनेत आला. तो पूर्वेलाच वाहत राहिला, तर कराडला कृष्णेत मिळेल. मग सांगली, पुढे कर्नाटक, तेलंगण, आंध्र. थेट बंगालच्या उपसागरापर्यंत! वाटेत तो किती शेते भिजवील, किती गावांची तहान भागवील, याची मोजदाद कोणी करावी? वीतभर अंतराने पडलेले थेंब, आणि नशीब किती निराळे!

चालताना एवढे पाळा

पायवाट सोडू नका. सड्यावर फुलांतून चालू नका, बसू नका. फूल तोडू नका. तोडलेले फूल घरी पोचण्याआधी मान टाकते, आणि त्याचे बी कायमचे जाते.

प्लास्टिक नेलेत तर परत आणा. भाकरी फडक्यात बांधावी. पाणी धातूच्या बाटलीत घ्यावे.

रानात एकटे जाऊ नका. गावचा वाटाड्या घ्या. त्याला चार पैसे मिळतात आणि आपली वाट चुकत नाही. सांजेच्या आत परत फिरा.

कारवीत हात घालण्याआधी पाहा. तिथे हिरवा चापडा साप बसलेला असतो. साप चावला तर मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. माणसाला न चालवता, धीर देत, सरळ दवाखान्यात न्या.

कड्यांना आग्या मोहोळे असतात. जवळ धूर करू नका, दगड मारू नका, आरडाओरडा करू नका.

आग मुळीच लावू नका. वाळल्या गवतात विडीची एक ठिणगी पुरते. वणव्यात गवत जळते, बी जळते, पाचोळा जळतो, पाखरांची घरटी जळतात. पुढच्या पावसात उघडी माती वाहून जाते. "गवत जाळलं की पुढल्या साली चांगलं येतं," असे काही जण म्हणतात. कोंभ हिरवे दिसतात खरे, पण जमिनीचा कस दरसाल कमी होतो.

आपल्या गावाच्या वर काय आहे?

कास प्रसिद्ध झाले, म्हणून निदान त्याची काळजी वाहणारे कोणी आहेत. पण सह्याद्रीत असे कितीतरी सडे आहेत, ज्यांचे नाव कोणाला ठाऊक नाही. कुठे खाण निघते, कुठे पवनचक्क्या उभ्या राहतात, कुठे हॉटेल आणि बंगले. विकणारा म्हणतो, "खडकच तर आहे, पिकत काहीच नाही. आलेला पैसा का सोडा?" त्याची अडचण खरी असते. मुलीचे लग्न असते, दवाखाना असतो, कर्ज असते. पण खडक विकला की त्याच्याबरोबर झराही जातो, आणि झरा खरेदीखतात लिहिलेला नसतो. दोन वर्षांनी खालच्या वाडीची विहीर आटते, तेव्हा कारण कोणाला कळत नाही.

तुमच्या गावाच्या वरही काही असेल. माळ असेल, गायरान असेल, देवराई असेल, चिखलाची ओलवट जागा असेल. एकदा पावसाळ्यात आणि एकदा उन्हाळ्यात तिथे चालत जा. बरोबर गावातल्या म्हाताऱ्या गुराख्याला घ्या आणि एखाद्या शाळकरी पोरालाही घ्या. पाणी कुठे थांबते ते पाहा. कुठे मुरते, कुठे बाहेर येते ते पाहा. आता आपल्याला लिहिता येते. ते वहीत लिहून ठेवा. ग्रामसभेत त्या जमिनीचा विषय निघेल, तेव्हा ती वही घेऊन उभे राहा आणि वाचून दाखवा.